तीन कॉर्डची साथ

ज्ञानदेव आण्णांना झटका आला तेव्हा ते अंगणात दाढी करत बसले होते. एक गाल झाला होता, दुसऱ्याला साबण लावलेला होता. वस्तरा हातातून गळाला, मग ते स्वतःच कलंडले. बायकोनं, चतुराबाईंनी, हाक मारली तर तोंडातून नुसती घरघर आली. शहाण्णव सालचा जानेवारी होता. बारामतीच्या दवाखान्यात बरेच दिवस काढून ते सणसरला घरी आले, तेव्हा उजवा हात लुळा पडला होता, उजवा पाय ओढत होता आणि बोलणं गेलं होतं.

एकच शब्द उरला होता. न्हाय.

"चहा घेता का?" चतुराबाई विचारायच्या.

"न्हाय," म्हणत आण्णा डावा हात कपासाठी पुढं करायचे.

पहिले काही दिवस चतुराबाई कप घेऊन परत जायच्या. मग त्यांनी शब्दाकडं लक्ष द्यायचं सोडलं आणि हाताकडं बघायला लागल्या.

आण्णा सगळी नोकरी वालचंदनगरला कंपनीत फिटर होते. पण आजूबाजूच्या गावांत त्यांना ओळखायचे ते गाण्यामुळं. बौद्ध वस्तीतल्या गायन पार्टीचे ते मुख्य गायक. जयंती असो, लग्न असो, कुणाचं घर भरायचं असो, आण्णांची पार्टी असायची. बरीच गाणी त्यांची स्वतःची होती, सायकलवरून कामावर जाता-येता रचलेली. अशा माणसाची जीभ एका शब्दावर अडकली होती. ते दिवसभर खाटेवर पडून आढ्याकडं बघत राहायचे.

ज्योत्स्ना त्यांची एकुलती एक मुलगी. चौतीस वर्षांची, गावच्या उपकेंद्रात नर्स. तिचं लग्न झालं होतं, पण दोन वर्षांत ती माहेरी परत आली, आणि त्याबद्दल घरात कुणी काही बोलत नसे. दिवसभर लसी, गोळ्या, बाळंतिणी, वाड्यावस्त्यांवरच्या फेऱ्या. घरी आली की आण्णांना पुसून काढायचं, पाय चोळायचे, चादर बदलायची. चतुराबाईंना कंबरेमुळं फार वेळ वाकता येत नव्हतं. हे सगळं उरकून ज्योत्स्ना ताटावर बसायची तेव्हा तिला घास चावायचाही कंटाळा यायचा.

पुन्हा तपासायला नेलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, "बोलायला शिकवणारे पुण्यात आहेत. पण आठवड्यातून दोनदा तरी न्यावं लागेल."

ज्योत्स्ना मनात रजा आणि एसटीचं भाडं मोजायला लागली. डॉक्टरांनी तिच्याकडं पाहिलं आणि तो विषय सोडला. मग त्यांनी विचारलं, "हे गातात का कधी?"

"गायचे. तेच तर करायचे."

"मग गाऊन घ्या. बोलणं गेलेल्या माणसाच्या तोंडून कधीकधी गाणं निघतं. गाण्यामागून एखादा शब्द सुटतो. खात्री देत नाही, पण बघा."

घरी पार्टीच्या कार्यक्रमाची एक कॅसेट होती. ज्योत्स्नानं ती लावली. टेपमधून आण्णांचा जुना भरदार आवाज आला तसा त्यांनी चेहरा भिंतीकडं केला. तिनं दुसऱ्यांच्या गाण्यांच्या कॅसेट लावल्या. आण्णांचे ओठ हलायचे, घशातून सूर यायचा, पण पहिला शब्द जुळवेपर्यंत टेप दुसऱ्या ओळीवर गेलेला असायचा. तिसऱ्या दिवशी त्यांनी डाव्या हातानं टेप खाली पाडला. झाकण तुटलं. चतुराबाईंनी तुकडे गोळा केले आणि त्यानंतर टेपचं नाव कुणी काढलं नाही. पेटी लावून गाऊन घ्यावं, तर पेटी पार्टीची होती आणि ती वाजवणारा ती घेऊन कऱ्हाटीला राहायला गेला होता.

त्याच सुमाराला ज्योत्स्ना बनाबाईंच्या पायाचं ड्रेसिंग करायला त्यांच्या वस्तीवर जात होती. साखरेच्या आजारामुळं म्हातारीच्या टाचेची जखम भरत नव्हती. पहिल्या दिवशी बनाबाईंनी ओसरीवरच पाय पुढं केला होता. पुढं ओसरीवर ऊन यायला लागलं म्हणून आतल्या खोलीत, आणि मग तेच रुळलं. तिथं पलीकडच्या खोलीतून रोज गिटारचा आवाज यायचा.

"नात हाय," बनाबाई म्हणाल्या. "पुण्याला शिकाय ठिवली, तर ह्ये शिकून आली. दिसभर टुणूक टुणूक."

नातीचं नाव श्रेया. बीएस्सी होऊन घरी आली होती. पुढं शिकायचं म्हणत होती, पण घरात स्थळं बघणं चाललं होतं. एक दिवस बँडेज बांधता बांधता ज्योत्स्नानं तिला विचारलं, "हे शिकायला किती दिवस लागतात गं?"

श्रेया हसली. "कुणाला शिकायचंय, सिस्टर?"

"मला."

तिनं आण्णांचं सगळं सांगितलं. सांगताना तिला स्वतःलाच ते वेडेपणाचं वाटलं. पण श्रेयाचं हसू गेलं. "नुसत्या साथीपुरतं ना? तीन कॉर्ड आल्या तरी भागेल. या उद्यापासून, आजीचं झालं की."

कॉर्ड म्हणजे तीन-चार सूर एकदम. डाव्या हाताची बोटं ठरलेल्या जागी तारांवर दाबायची, उजव्यानं सगळ्या तारा छेडायच्या. ऐकायला सोपं होतं. श्रेयानं आधी ई मायनर दाखवली, दोनच बोटांची. ज्योत्स्नानं बोटं दाबली, हात फिरवला, तर निम्म्या तारा मुक्या आणि उरलेल्या भणभणत होत्या.

"बोट आडवं पडतंय, सिस्टर. उभं धरा. टोकानं दाबा."

"टोक दुखतंय."

"दुखणारच. कातडं घट्ट होईपर्यंत दुखतं."

मग साथीच्या तीन कॉर्ड: जी, सी आणि डी. जी जमली. डी कशीबशी जमली. सी काही केल्या जमेना. तिसरं बोट पोचायचं नाही. पोचलं तर पहिलं सरकायचं. आणि एका कॉर्डवरून दुसरीवर जाताना तर सगळाच हात उचलला जायचा. बोटं हवेत तरंगायची, आपण कुठं जायचं हे विसरल्यासारखी, आणि तेवढा वेळ गिटार गप्प. इंजेक्शन देताना ज्या हातानं शीर कधी चुकवली नाही, तोच हात इथं परका झाला होता. दुसऱ्या दिवशी उपकेंद्रात बोटांना स्पिरिट लागलं की ती ओठ दाबून धरायची.

पुण्याहून येताना श्रेयानं दोन गिटार आणल्या होत्या. एक तिची, आणि एक मैत्रिणीनं टाकून दिलेली, पोटाला चीर गेलेली. चीर गेलेली तिनं ज्योत्स्नाला सरावाला दिली. चादरीत गुंडाळून, लुनावर पुढं आडवी धरून ज्योत्स्नानं ती घरी आणली.

"दिसभर हुबी असतीस," चतुराबाई म्हणाल्या, "आता ह्ये आनि कशाला?"

"बघू तरी, आई."

"बघ बाई. मला तर बघूनच दमाय हुतंय."

लुनाच्या धक्क्यांनी तारा उतरल्या होत्या. त्या लावायची रीत श्रेयानं सांगितली होती: एक तार दांडीवरच्या पाचव्या घरात दाबायची आणि खालची मोकळी तार तिच्याशी जुळेपर्यंत खुंटी पिळायची. ज्योत्स्ना खाटेजवळ सतरंजीवर बसली. तिला दोन्ही आवाज एकसारखेच वाटले. तिनं जी कॉर्ड वाजवली.

"न्हाय," आण्णा म्हणाले.

तिनं लक्ष दिलं नाही. पुन्हा वाजवली.

"न्हाय! न्हाय!" आण्णांनी डोकं उचललं होतं. कपाळाला आठ्या होत्या. डाव्या हाताचं बोट गिटारकडं होतं.

ज्योत्स्ना थांबली. मग तिनं एकच तार छेडली आणि त्यांच्याकडं बघत खुंटी पिळली.

"न्हाय."

अजून थोडी.

"न्हाय."

अजून किंचित. आण्णा काही बोलले नाहीत. डोकं उशीवर टेकलं.

तिनं पुढची तार घेतली. असं करत त्या संध्याकाळी गिटार लागली. झटक्यानंतर पहिल्यांदाच आण्णांचा शब्द जिथं पाहिजे तिथं पडला होता. चुलीपुढं बसलेल्या चतुराबाईंनी पदर तोंडाला लावला आणि भाकरी करपली.

त्यानंतर रोज दिवेलागणीला हेच चालायचं. ज्योत्स्नानं आण्णांचंच एक गाणं निवडलं, कंपनीच्या भोंग्याचं. भाकरी बांधून पहाटे कामावर निघालेल्या माणसांनी म्हणायचं, साधं, सरळ चालीचं.

भोंगा झाला, ऊठ रं गड्या, दिस आलाय दारात
भाकर बांध फडक्यामंदी, चल रं कारखान्यात

ती 'जी'वर सुरू करायची आणि स्वतःच गुणगुणायची, कारण आण्णा गप्पच असायचे. 'ऊठ'वर सी यायची. तिथं तिची बोटं अडकायची, गाणं तुटायचं, ती पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची. असे कितीतरी दिवस गेले. कधी ती गिटारवर डोकं टेकून बसल्या जागी झोपायची.

एका संध्याकाळी ती वस्त्यांवर पोलिओचे डोस देऊन आली होती. पाय सुजले होते. हात धुतले आणि कर्तव्य उरकल्यासारखी गिटार मांडीवर घेतली. 'भोंगा झाला' म्हणून झालं, हात उचलला, आणि तिसरं बोट त्याची जागा शोधत राहिलं. तेवढ्यात खाटेवरून सूर आला. 'ऊ'. लांब, खरखरीत. आण्णा तिच्या बोटांकडं बघत होते. ते थांबले होते. सूर धरून, श्वास पुरवून पुरवून थांबले होते. ज्योत्स्नाचं बोट तारेवर बसलं, तिनं हात फिरवला, सी वाजली.

"ठ," आण्णा म्हणाले. "ऊठ."

चतुराबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. "काय म्हनलं त्येनी?"

"ऊठ म्हणाले."

"कुनाला?"

"गाण्यात, आई. गाण्यात म्हणाले."

टेप त्यांच्यासाठी कधी थांबला नव्हता. नवशिकी बोटं मात्र थांबत होती, आणि त्या अडखळण्याएवढाच वेळ आण्णांना शब्द जुळवायला लागत होता. हे ज्योत्स्नाच्या लक्षात आलं आणि तिला त्या रात्री शांत झोप लागली.

पण चमत्कार वगैरे काही झाला नाही. 'ऊठ' नंतर 'गड्या' यायला बरेच दिवस लागले. 'भाकर' आली, मग गेली, मग परत आली. गाण्याबाहेर तर काहीच निघत नव्हतं. पाणी हवं असलं की आण्णा चालीवर 'भाकर बांध'पर्यंत यायचे, तिथं चतुराबाई 'भाकर का पानी?' विचारायच्या, आणि बऱ्याचदा दोन्ही घेऊन यायच्या. काही दिवस ते तोंडच उघडायचे नाहीत. काही दिवस ज्योत्स्नालाच नको वाटायचं. तरी गिटार निघायची.

वस्तीवरचं शिकणंही चालू होतं. बनाबाईंची टाच भरत आली होती, पण ज्योत्स्ना यायची थांबली नाही. तिची बोटं घट्ट झाली. एक दिवस जी, सी, डी, जी अशी सगळी फेरी न अडखळता वाजली. श्रेयानं टाळ्या वाजवल्या.

"आली की हो सिस्टर तुम्हाला! आता जरा वेगात घ्या."

तिनं वेगात घेतली. आली. उजवा हात आपोआप खाली-वर व्हायला लागला, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा तिला वाटलं, हे आपलं आहे. हे कुणासाठी करायचं नाही, नुसतं करायचं आहे.

घरी तिनं तसंच वाजवलं. आण्णा 'भोंगा'वर होते तेव्हा तिची दुसरी ओळ निघाली. ते मध्येच थांबले. तिनं पुन्हा सुरू केलं, हळू करायला गेली, पण हात ऐकेना. पूर्वी बोट सापडत नव्हतं म्हणून थांबायला लागायचं. आता सापडलेलं बोट मुद्दाम उचलून धरायचं होतं. आण्णा पुन्हा मागं पडले. त्यांनी खाटेच्या कडेवर हात आपटला. "न्हाय! न्हाय!"

"मग काय करू?" ज्योत्स्नाचा आवाज एकदम चढला. "येत नव्हतं तेव्हा न्हाय, येतंय तरी न्हाय! तुमच्यासाठी किती थांबू मी? सगळीकडं थांबलेलीच आहे की!"

आण्णा तिच्याकडं बघत राहिले. तिनं गिटार चादरीत गुंडाळली आणि धान्याच्या कोठीमागं उभी केली. चतुराबाईंनी तिचं ताट वाढून ठेवलं.

बरेच दिवस गिटार तिथंच राहिली. दरम्यान श्रेयाचं लग्न अकलूजकडं ठरलं. ज्योत्स्ना गिटार परत द्यायला गेली तर श्रेया हातावरची मेंदी वाळवत बसली होती.

"राहू द्या ती तुम्हाला. मी माझीसुद्धा इथंच ठेवून चाललेय. आधी तिथं कसं काय ते बघते, मग नेईन म्हणलं."

"नेशील ना?"

"बघू." तिनं मेंदीकडं बघत विचारलं, "वाजवताय ना, सिस्टर?"

"व्हय," ज्योत्स्ना खोटं बोलली.

पुढच्या वर्षीच्या एप्रिलमध्ये जयंती जवळ आली तसे झुंबरतात्या घरी आले. आण्णांच्या पार्टीत त्यांनी वीस वर्षं ढोलकी वाजवली होती. आण्णांच्या आजारात ते एक-दोनदाच येऊन गेले होते. बघवत नाही म्हणायचे.

"जय भीम, ज्योत्स्ना. द्यानदेवाला स्टेजवर घिऊन बसायचं म्हनतोय आमी. एक वळ म्हनू दे. लोकास्नी बरं वाटंल."

"नाही जमायचं, तात्या. तुमच्या ठेक्यावर त्यांना येणार नाही. माझ्या गिटारवरही येत नाही." आणि मग तिनं त्यांना सगळं सांगितलं, ओरडल्याचं पण.

झुंबरतात्या चहाची बशी हातात धरून ऐकत होते. मग म्हणाले, "तुला काय वाटतंय, तवा तरी त्यो ठेक्यात गायचा का? रंगात आला की एका शब्दावर बसून ऱ्हायचा. समोर लोकं, हिकडं माझा हात भरून यायचा. लई वेळा वाटायचं, आता म्होरं जावं. कळू दे ह्याला."

"मग?"

"मग काय. न्हाय गेलो." त्यांनी बशीतला चहा संपवला. "पुढच्यानं गायचं आनि आपुन मागं ऱ्हायचं, त्यालाच साथ म्हनत्यात बाई. दमायला हुतं. खोटं कशाला बोलू."

ते पुन्हा आले ते ढोलकी घेऊनच. ज्योत्स्नानं कोठीमागून गिटार काढली, आण्णांनी दोन-तीनदा न्हाय म्हणून ती लावून घेतली. मग गाणं सुरू झालं. झुंबरतात्यांनी थाप मारली आणि हात वर धरला. ज्योत्स्नानं जी वाजवली आणि बोटं मुद्दाम हवेत ठेवली. आण्णांनी 'भोंगा' जुळवला. 'झाला' जुळवला. 'ऊठ' आला. प्रत्येक शब्दाला दोघं थांबत होते, शब्द खाली उतरला की मग त्याच्यामागून सी यायची, थाप यायची. 'दारात'ला आण्णा अडकले, डोळ्यांतून पाणी आलं, तरी सूर सोडला नाही. 'कारखान्यात'पर्यंत गाणं पोचलं तेव्हा चतुराबाईंची भाकरी करून झाली होती.

झुंबरतात्यांनी टॉवेलनं मान पुसली. "एवढ्यात मानूस वालचंदनगरला जाऊन आला आसता."

आण्णा हसले. तोंड वाकडं झालं, पण हसले.

स्टेजवर ते गेले नाहीत. जयंतीला त्यांना विहाराच्या अंगणात खुर्चीवर बसवलं होतं, तिथून त्यांनी दुसऱ्यांची गाणी ऐकली आणि लवकर घरी चला म्हणून खूण केली. पण झुंबरतात्या अधूनमधून येत राहिले, आणि ज्योत्स्नानं आपल्यापुरती एक सोय लावून घेतली. आण्णांबरोबर वाजवायची तेव्हा त्यांच्या चालीनं. ते झालं की गिटार घेऊन मागच्या अंगणात न्हाणीच्या दगडावर बसायची आणि तेच सूर आपल्या वेगानं, हात दुखेपर्यंत वाजवायची. ते फार चांगलं वाजत होतं असं नाही. कठीण कॉर्ड तिला कधीच आल्या नाहीत. विचारायला श्रेया आता नव्हती.

उन्हाळा सरत आला होता. त्या दिवशी एका बाळंतिणीला घेऊन ती बारामतीपर्यंत जाऊन आली होती. दुपारचं जेवण राहिलं होतं. घरी येऊन तिनं आण्णांचं सगळं केलं, गाण्याची एक फेरी केली, आणि घरात बसवेना म्हणून मागं जाऊन बसली. बराच वेळ वाजवत होती. चतुराबाई भांडी घासायला बाहेर आल्या आणि राख हातात घेऊन तशाच ऐकत बसल्या.

आतून आण्णांचा आवाज आला.

"जेव."

गिटार थांबली. चालीवर नव्हतं ते. गाण्यातलंही नव्हतं. साधं, जरा चिडून म्हटलेलं, बापानं म्हणावं तसं.

"काय म्हनलं?" चतुराबाईंनी विचारलं.

"जेव म्हणाले."

"तुला?"

"मलाच की."

दोघी ऐकत राहिल्या, अजून काही येतं का म्हणून. काही आलं नाही. शेजारच्या रानात मोटार चालू झाली. ज्योत्स्नानं गिटार भिंतीला टेकवली, आईच्या खांद्याचा आधार घेतला आणि जेवायला आत गेली.